खूण नेमकी कशावर?

२०१० साली ‘नॉटमच’ या ईमेल वाचण्याच्या सॉफ्टवेअरमधून काही ओळी काढून टाकण्यात आल्या. लिहून झालेली एक सोय मागे घेतली गेली आणि ती का घेतली, हे सांगणारे टिपण त्या बदलाला कायमचे जोडले गेले. हे टिपण मला समीक्षेचा चांगला नमुना वाटते. वाङ्मयीन अंकात त्याची चर्चा करताना मला संकोच वाटत नाही, कारण त्यातला प्रश्न आपल्याही ओळखीचा आहे : नाव दिले कशाला आणि चिकटले कशाला?

थोडी पार्श्वभूमी देतो. नॉटमच हे कार्ल वर्थ यांनी २००९ मध्ये लोकांसमोर ठेवले. त्याचा कोड मुक्त परवान्याखाली खुला आहे. कोणीही वाचावा, बदल सुचवावा, दुसऱ्याने तो तपासावा. हे सॉफ्टवेअर पत्रे आणत नाही, पाठवत नाही, इकडून तिकडे हलवतही नाही. ते पत्रांची सूची करते आणि प्रत्येक पत्रावर टॅग, म्हणजे खुणेची चिठ्ठी, लावू देते. नव्या पत्रावर ‘इनबॉक्स’ आणि ‘अनरेड’ हे टॅग आपोआप लागतात. ‘इनबॉक्स’ काढला की पत्र नजरेआड होते, पण असते तिथेच.

अडचण अशी की त्याच पत्रांवर इतर आज्ञावल्याही काम करतात. ‘मेलडिर’ या साठवणुकीच्या पद्धतीत एक पत्र म्हणजे एक फाइल आणि फाइलच्या नावाच्या शेपटीला खुणेची अक्षरे असतात. ‘एस’ म्हणजे वाचले, ‘आर’ म्हणजे उत्तर दिले, ‘टी’ म्हणजे टाकून द्यायचे. दुसरीकडे वाचलेल्या पत्राचा ‘अनरेड’ इथेही जावा, ही वाचकाची रास्त अपेक्षा. म्हणून अक्षरे आणि टॅग यांचा मेळ घालणारा बदल तयार झाला. त्याच ओघात ‘टी’ आणि ‘डिलीटेड’ यांचीही जोडी लागली. वरवर पाहता यात वावगे काही नव्हते.

टिपणातला युक्तिवाद इथून सुरू होतो. अक्षर लागते फाइलला. टॅग लागतो पत्राला. या दोन गोष्टी एक नाहीत. कोणी आपल्याला थेट पत्र लिहिले आणि तेच एखाद्या गटालाही पाठवले, तर आपल्याकडे दोन फाइली येतात, पण दोन्हींवरचा ओळख-क्रमांक एकच असतो. नॉटमच त्यांना एकच पत्र मानते. आता समजा, एका उपयुक्त आज्ञावलीने जादा प्रती शोधल्या आणि एक प्रत राखून बाकीच्यांवर ‘टी’ लावला. नॉटमचने तो पाहिला आणि पत्रावर ‘डिलीटेड’ लावला. पुढे कधीतरी टॅग उतरवून पुन्हा चढवण्याचे निरुपद्रवी काम झाले. त्यात ‘डिलीटेड’ परत फाइलींवर उमटला, पण या वेळी सगळ्यांवर, राखलेल्या प्रतीवरसुद्धा. मग आणखी एक आज्ञावली आली आणि ‘टी’ असलेले सगळे तिने इमानेइतबारे पुसले. पत्र गेले. या साखळीत एकही कडी चुकीची नाही. प्रत्येकीने सांगितलेलेच केले.

हे सारे एखाद्या ओळीकडे बोट दाखवून सिद्ध करता येत नाही. ओळ बरोबरच आहे. चाचणी घेतली तर ती उत्तीर्ण होईल, कारण चाचणीतल्या पत्राला बहुधा एकच फाइल असेल. दोष दिसायला चार आज्ञावल्यांची गोष्ट मनात रचावी लागते. चांगला समीक्षक हेच करतो : लेखकाने जे लिहिले त्यापेक्षा, ते वाचकाच्या घरात गेल्यावर काय होईल ते पाहतो. आपल्याकडे एका कादंबरीला लावलेली ‘ग्रामीण’ ही चिठ्ठी लेखकाच्या पुढच्या सगळ्या पुस्तकांवर उमटते, शहरावरच्या पुस्तकावरही. तिथेही लावणाऱ्याचा हेतू वाईट नसतो.

टिपणावर एक आक्षेप मात्र घेता येतो. फाइल आणि पत्र यांतला हा बेबनाव फक्त ‘टी’पुरता नाही. एका प्रतीवर ‘एस’ असला तरी नॉटमच अख्खे पत्र वाचलेले धरते. तर्क तोच लावायचा तर सगळ्याच जोड्या तोडायला हव्या होत्या. तसे केले नाही, आणि माझ्या मते ते योग्यच होते. न वाचलेले पत्र वाचलेले ठरले, तर ते शोधून काढता येते. पुसलेले येत नाही. रेघ तर्काने नव्हे, परिणामाने आखली गेली. असा निवाडा द्यायला निव्वळ कोडचे ज्ञान पुरत नाही.

याच जातीचा दुसरा प्रश्न संभाषणाचा. एखादा पत्रव्यवहार वाचून झाला आणि आपण तो सगळा नजरेआड करायला सांगितले. पण वाचत असताना त्यात नवे पत्र येऊन पडले असेल तर? ‘या संभाषणावरचा इनबॉक्स काढ’ ही आज्ञा शब्दशः पाळली तर न पाहिलेले उत्तरही नाहीसे होईल. म्हणून इथे पडद्यावर दिसलेल्या पत्रांवरचाच टॅग निघतो आणि तसे वर्णनात स्पष्ट लिहून ठेवले आहे. आज्ञेचा अर्थ बोलणाऱ्याने काय पाहिले होते त्यावरून लावायचा, हे व्याख्येच्या शास्त्रातले जुने तत्त्व इथे निमूटपणे पाळले गेले आहे.

सुचवलेले बदलही पत्रानेच येतात आणि तपासणारे त्यांच्यावर सामायिक टॅग लावतात : ‘समीक्षा हवी’, ‘अधिक माहिती हवी’, ‘कालबाह्य’. टॅगच्या कोडची तपासणी टॅगनेच व्हावी, ही गंमत आहे. पण ‘समीक्षा हवी’ हा टॅग किती काळ तसाच राहावा, हे मात्र टॅग सांगत नाही.

मराठी वाचकाशी थेट संबंध असलेली एक गोष्ट राहिली. टॅगांची नोंद बाहेर काढण्याच्या जुन्या साच्यात टॅग कंसात, मधे मोकळी जागा सोडून लिहिले जात. त्यामुळे ‘दिवाळी अंक’ असा टॅग असेल, तर परत चढवताना त्याचा एक टॅग राहत नसे. पुढे नवा साचा आला. त्यात मोकळी जागा आणि रोमन वर्णमालेबाहेरची अक्षरे अंकरूपात लिहिली जातात. ‘दिवाळी’तल्या सहा चिन्हांचे प्रत्येकी तीन बाइट, आणि दर बाइटला टक्केचिन्हासह तीन अक्षरे : एकूण ५४. दिसायला अगम्य, पण जशीच्या तशी परत येणारी. जुना साचाही राहू दिला गेला. त्याच्या वर्णनात फक्त इशारा आहे की मोकळी जागा असलेले टॅग यातून नीट परत येणार नाहीत.