निद्रानाशावरील ऑनलाइन मानसोपचार आणि प्राथमिक आरोग्यसेवा : एक चिकित्सक दृष्टिक्षेप

प्रास्ताविक

निद्रानाशाची तक्रार घेऊन येणाऱ्या रुग्णाला प्राथमिक आरोग्यसेवेत बहुधा दोनच गोष्टी मिळत आल्या आहेत : झोपेच्या सवयींविषयी चार उपदेश अथवा गोळीची चिठ्ठी. वस्तुतः दीर्घकालीन निद्रानाशावर प्रथम बोधात्मक-वर्तनात्मक मानसोपचार करावा, असे अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये स्पष्ट केले. २०१७ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनीही तोच निर्वाळा दिला. उपाय ज्ञात आहे; तो देणारे प्रशिक्षित मनुष्यबळ मात्र अपुरे आहे. ही उणीव भरून काढण्याचे आश्वासन घेऊन ऑनलाइन उपचार पुढे आला. तो गुणकारी आहे काय, एवढाच प्रश्न पुरेसा नाही. तो कोणापर्यंत आणि कोणाच्या देखरेखीखाली पोहोचतो, हेही तपासणे अगत्याचे ठरते.

उपचाराचे स्वरूप व पुरावा

या उपचाराची दोन प्रमुख अंगे जुनीच आहेत. अंथरूण केवळ झोपेसाठी वापरावे व झोप न आल्यास तेथून उठावे, हे तत्त्व रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडले. अंथरुणातील वेळ प्रत्यक्ष झोपेच्या प्रमाणात आखडता घेऊन पुढे तो क्रमाने वाढवावा, ही पद्धत आर्थर स्पीलमन व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केली. नोंदवही, हिशेब आणि नियम यांवर आधारलेला हा उपचार संगणकास सहज मानवणारा आहे. कॉलिन एस्पी व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये १६४ प्रौढांवरील चाचणीत त्याची तुलना ऑनलाइन आभासी उपचाराशी केली, तेव्हा तो सरस ठरला. मे २०२२ मध्ये इंग्लंडमधील 'नाइस' या संस्थेने 'स्लीपिओ' या कार्यक्रमाची, नेहमीच्या सल्ल्याला व गोळ्यांना पर्याय म्हणून, प्राथमिक सेवेसाठी शिफारस केली.

मर्यादा

तथापि या शिफारशीचा आवाका नीट ध्यानात घेतला पाहिजे. प्रत्यक्ष भेटीतील मानसोपचाराशी तुलना करणारा अधिक पुरावा हवा, असे 'नाइस'नेच नमूद केले आहे. गोळीपेक्षा चांगला असणे आणि उपचारकाची जागा घेण्याइतका समर्थ असणे, या दोन भिन्न गोष्टी होत. दुसरा प्रश्न गळतीचा. ब्रिटनमधील २६ विद्यापीठांतील ३,७५५ विद्यार्थ्यांवरील २०१७ च्या चाचणीत निद्रानाश कमी झालेला आढळला. परंतु अनेक विद्यार्थी मधूनच गळाले. तरुण व संगणक-साक्षर वर्गाची ही स्थिती असेल, तर वृद्ध, अल्पशिक्षित व एकाकी रुग्णांविषयी सहज आशावाद बाळगणे धाडसाचे ठरेल.

तिसरा मुद्दा सुरक्षिततेचा. झोपेचा वेळ आखडता घेतल्यावर पहिले काही आठवडे दिवसा पेंग वाढते. वाहनचालकास किंवा यंत्रावरील कामगारास ती घातक ठरू शकते. अपस्मार अथवा उन्मादाचा पूर्वेतिहास असल्यास धोका आणखी वाढतो. गर्भवती व सहव्याधी असलेल्यांची आधी वैद्यकीय तपासणी व्हावी, ही 'नाइस'ची अट म्हणूनच महत्त्वाची आहे. शिवाय उपचार कंपनीच्या भवितव्याशी बांधला जातो. अमेरिकेत मार्च २०२० मध्ये शासकीय मान्यता मिळालेला 'सॉमरिस्ट' हा कार्यक्रम चालविणाऱ्या पेअर थेरप्युटिक्सने एप्रिल २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.

समारोप

२०२३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेली इंग्लंडमधील चाचणी येथे उद्बोधक ठरते. ६४२ रुग्णांपैकी निम्म्यांना प्राथमिक सेवेतील परिचारिकांनी चार छोट्या सत्रांत झोपेच्या वेळेचे नियमन शिकविले. यांपैकी दोन सत्रे दूरध्वनीवर झाली. या परिचारिका मानसोपचारतज्ज्ञ नव्हत्या. सहा महिन्यांनंतर, केवळ माहितीपत्रक मिळालेल्यांपेक्षा या रुग्णांचा निद्रानाश कमी होता. संगणक किंवा तज्ज्ञ, एवढेच दोन मार्ग उरलेले नाहीत, हा या चाचणीचा बोध होय. ऑनलाइन उपचार त्याज्य नाही. परंतु मध्यरात्री घड्याळाकडे पाहत बसणाऱ्या रुग्णाने तो अर्ध्यावर सोडला, तर त्याची विचारपूस करणारे कोणीतरी असावयास हवे. ती व्यवस्था उभी न करता केवळ दुवा हाती देणे म्हणजे चिठ्ठीची जागा दुसऱ्या चिठ्ठीने घेणे होय.