काहीच न करणाऱ्या ओळी

फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टममध्ये क्रॉन सुरू करणारी स्क्रिप्ट एका स्क्रीनवर मावते. क्रॉन म्हणजे नेमल्या वेळी नेमलेली कामं उरकणारी सर्व्हिस. रात्रीचा बॅकअप वगैरे तिच्याच भरवशावर. मशीन बूट होताना अशा कितीतरी स्क्रिप्ट चालून जातात, कुणी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. ही मात्र सावकाश वाचावी. तिच्यातल्या सर्वांत बोलक्या ओळी, स्क्रिप्ट चालवणाऱ्या शेलच्या लेखी, काहीच करत नाहीत.

सुरुवातीच्या कॉमेंटच घ्या. शेल त्या ओलांडून पुढे जातो. पण त्यांना एक वेगळा वाचक आहे, आरसीऑर्डर नावाचा छोटा प्रोग्रॅम. ‘प्रोव्हाइड: क्रॉन’, म्हणजे क्रॉन मी पुरवते. ‘रिक्वायर: लॉगिन’, म्हणजे लॉगिनचा टप्पा येईपर्यंत मला हात लावू नका. ‘बिफोर: सिक्युअरलेव्हल’, म्हणजे कर्नलची सुरक्षा-पातळी चढवण्याआधी माझं उरका. सगळ्या स्क्रिप्टमधल्या अशा ओळी गोळा करून आरसीऑर्डर रांग लावतो. सिस्टम फाइव्ह युनिक्सच्या जुन्या पद्धतीत फाइलच्या नावातच नंबर असे. मधे नवी सर्व्हिस घुसवायची तर मोकळा नंबर शोधा. आधीच्याने तोच नंबर का घेतला, ते त्यालाच ठाऊक. इथे नंबर नाहीत, कारणं आहेत. प्रत्येक स्क्रिप्ट आपल्यापुरतं बोलते आणि पूर्ण क्रम कुठेच लिहिलेला नसतो.

ही रचना मूळची नेटबीएसडीची. डिसेंबर 2000 मधल्या 1.5 आवृत्तीत ती आली, ल्यूक म्यूबर्न यांनी 2001 च्या यूझनिक्स परिषदेत तिच्यावर निबंध मांडला आणि 2003 मध्ये फ्रीबीएसडी 5.0 ने ती उचलली.

आता क्रॉन जिच्यासाठी थांबते ती लॉगिन फाइल उघडा. नाव कॅपिटल अक्षरांत, आत आदेश एकही नाही. पुन्हा कॉमेंटच: मी लॉगिन पुरवते, मला डीमन हवा. डीमन उघडली तर तीही पोकळच. या फाइल्स चालवल्या जातात आणि काहीही न करता संपतात. मला हा या लेखनातला सर्वांत देखणा भाग वाटतो. क्रॉन लिहिणाऱ्याला नेटवर्क कधी लागलं, डिस्क कधी तपासल्या, लॉग कोण लिहितं याची चौकशी करावी लागत नाही. ‘लॉगिन’ म्हटलं की ते सगळं त्यात आलं. एका रिकाम्या फाइलने बूटच्या त्या वेळेला नाव दिलं. ज्यांना त्या वेळेनंतर यायचंय त्यांनी नाव घ्यावं, बस. पुढे लिनक्सवर सर्व्हिस सांभाळणाऱ्या सिस्टमडीला 2010 नंतर ‘टार्गेट’ नावाने असेच टप्पे लागले. त्या प्रकल्पावर कितीही वाद झडले तरी ही गरज दोन्ही रचनांनी मानली.

क्रॉनच्या स्क्रिप्टकडे परत येऊ. तिच्या मधल्या ओळी भराभर वाचून होतात: नाव, कमांड, चालू प्रोसेसचा नंबर ठेवणारी पीआयडी फाइल. पण एक अट थांबवते. सेटिंगमध्ये क्रॉन-डीएसटी चालू असेल तर क्रॉनला एक जास्तीचा पर्याय दिला जातो. युरोप-अमेरिकेत वसंतात घड्याळ तासभर पुढे जातं, शरदात मागे येतं. मग मध्य युरोपात पहाटे अडीचचं काम एका रात्री अडीच वाजतच नाहीत म्हणून राहायचं, दुसऱ्या रात्री दोनदा व्हायचं. ते सांभाळणारा हा पर्याय. भारतात वर्षभर एकच वेळ, म्हणून आपल्या डोळ्यांना ती ओळ अडगळ वाटते.

उणीवही सांगायला हवी. ही स्क्रिप्ट क्रॉनला सुरू करून मोकळी होते. तासाभराने क्रॉन कोसळली तर तिला पुन्हा उभं करायला कुणी नाही; पीआयडी फाइलीत मेलेला नंबर तसाच राहतो. सिस्टमडी त्या पहाऱ्यात सरस आहे, यात शंका नाही.

पॅकेजमधून येणाऱ्या स्क्रिप्टमध्ये आणखी एक खुबी सापडते. एखादं पॅकेज बसवलं की त्याची स्क्रिप्ट यूएसआर-लोकल फोल्डरखाली जाऊन पडते. तिच्यात सहसा एक ओळ नुसत्या कोलनने सुरू होते. शेलमध्ये कोलन ही खरोखरची कमांड आहे आणि तिचं काम काहीही न करणं. पण तिच्यापुढचा मजकूर शेलला उलगडावाच लागतो, आणि त्या उलगडण्यात ठरतं: मालकाने काही लिहून ठेवलं नसेल तर या सर्व्हिसचं उत्तर ‘नो’. म्हणजे पॅकेज बसलं तरी सर्व्हिस चालू होत नाही. मशीन सांभाळणाऱ्याला आरसी-डॉट-कॉन्फ या सेटिंगच्या फाइलीत ‘येस’ लिहावं लागतं. डेबियन लिनक्सवर सहसा उलटं, पॅकेज बसताच सर्व्हिस धावू लागते. ते सोयीचं आहे, नवख्याला तर फारच. तरी पासवर्डसुद्धा न बदललेला डेटाबेस नेटवर्कवर उभा राहण्यापेक्षा मला हा कोलनचा नकार बरा वाटतो.