वैद्यकीय वापराच्या सुती कापडावरील पृष्ठप्रक्रिया : एक चिकित्सा

कच्चा कापूस पाणी सहजासहजी शोषत नाही. त्याच्या तंतूवर मेण आणि पेक्टिन यांचा पातळ थर असतो. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात उकळून हा थर काढल्यावर आणि विरंजन केल्यावरच तो जखमेसाठी योग्य होतो. असा शोषक कापूस १० सेकंदांच्या आत पाण्यात बुडावा, अशी औषधकोशाची कसोटी आहे. म्हणजेच वैद्यकीय कापडावरील पहिली पृष्ठप्रक्रिया ही काही चढविण्याची नसून काढून टाकण्याची आहे.

अलीकडील संशोधनाचा भर मात्र जंतुरोधक द्रव्ये चढविण्यावर आहे. या संदर्भात मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील विघ्नेश्वरन व सहकाऱ्यांचे २००६ मधील कार्य उल्लेखनीय आहे. पाणी हे द्रावक आणि विद्राव्य स्टार्च हे स्थिरक वापरून त्यांनी झिंक ऑक्साइडचे सुमारे ३८ नॅनोमीटर आकाराचे कण तयार केले व ते सुती कापडावर बसविले. स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि क्लेब्सिएला न्यूमोनिए या दोन जिवाणूंविरुद्ध कापड परिणामकारक ठरले. महागडी सेंद्रिय द्रावके टाळणे, हे या पद्धतीचे विशेष गुण होत.

तथापि, अशा निष्कर्षांच्या आधारे एखाद्या कापडाला सरसकट 'वैद्यकीय' म्हणणे योग्य ठरत नाही. येथे वापराचा भेद लक्षात घेतला पाहिजे. गॉझ एकदाच वापरून टाकला जातो. त्याच्या बाबतीत अनेक धुलाईंनंतरच्या परिणामकारकतेचे कोष्टक निरुपयोगी आहे. तेथे शोषकता, निर्जंतुकीकरणानंतरचे गुणधर्म आणि जखमेतील पेशींवरील परिणाम तपासावयास हवेत. कण धरून ठेवणाऱ्या बंधकामुळे शोषकता घटल्यास मूळ गुणच हरवतो. याउलट, रुग्णालयातील चादर वारंवार धुतली जाते. झिंक ऑक्साइड आम्लात तसेच तीव्र अल्कलीत विरघळते. म्हणून चादरीची कसोटी घरगुती साबणाने घेऊन भागणार नाही. ती रुग्णालयाच्या धुलाईतील रसायने व तापमान वापरूनच घेतली पाहिजे. शिवाय रक्त आणि पू यांतील प्रथिने धातूच्या आयनांना बांधून ठेवतात. ही बाब स्वच्छ माध्यमातील चाचणीत पुरेशी प्रकट होत नाही.

जंतूंच्या प्रतिकाराचा प्रश्नही गौण नाही. भाजलेल्या रुग्णांच्या विभागात सिल्व्हर नायट्रेटला दाद न देणारा साल्मोनेला आढळल्याचे १९७५ मध्येच प्रसिद्ध झाले होते. १९५४ पासून हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचे गाव असलेल्या पिंपरीच्या परिसरात हा धडा नवा नसावा. धुलाईत सुटलेला धातू सांडपाण्यात जातो आणि निगडीच्या दोन्ही अंगांना पवना व इंद्रायणी या नद्या आहेत, हेही विसरता येत नाही.

सारांश, चाचणी कोणती घ्यावयाची हे कापडाच्या वापराने ठरले पाहिजे, प्रयोगशाळेतील सोयीने नव्हे. रसायनशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्र विभागांनी विद्यार्थ्यांना प्रकल्प देतानाच रुग्णालयातील परिचारिका आणि धुलाई विभाग यांच्याशी विचारविनिमय केल्यास ही उणीव फार मोठ्या खर्चाविना दूर होऊ शकेल.