चालतोय ना अजून?

आमच्या घरात वर्षातून एकदा, साधारण गणपती गेल्यावर आणि घट बसायच्या आत, माझ्या मोबाइलची अब्रू काढण्याचा कार्यक्रम असतो. यंदा तो रात्रीच्या जेवणावर झाला. चिरंजीवांनी माझा फोन मेलेलं झुरळ उचलावं तसा दोन बोटांत धरला आणि म्हणाले, "बाबा, हा २०१९ चा आहे. निदान लोकांसमोर काढत तरी जाऊ नका."

२०१९ हे काही पेशवाईतलं साल नव्हे. आमचा मिक्सर २००६ चा, स्वयंपाकघरातला पंखा १९९१ चा आणि मी स्वतः १९८० चा. यांपैकी मिक्सरला आणि पंख्याला घरात कुणी काही बोलत नाही.

"चालतोय ना अजून?" मी म्हटलं.

"प्रश्न चालण्याचा नसतो, बाबा."

मग कशाचा असतो, हे त्याने सांगितलं नाही. भात वाढून घेतला.

मी पडलो बँकेतला कारकून. दोन्हीकडच्या रकमा जुळल्याशिवाय कारकुनाला झोप येत नाही. तेव्हा चौथ्या शनिवारी बँकेला सुट्टी होती ती साधून हिला आणि चिरंजीवांना घेऊन मी लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानात दाखल झालो. नव्या पुस्तकाचं विद्वान मंडळी परीक्षण करतात, तसं नव्या फोनचं करायचं मी ठरवलं होतं. वाङ्मयाशी माझा संबंध पासबुकापुरता. पण परीक्षण लिहायला तेवढा पुरत असावा, असं काही परीक्षणं वाचून माझं मत झालं आहे.

दुकानातला मुलगा फार गोड होता. त्याने पहिलाच फोन पुढे ठेवून सांगितलं, "सर, दोनशे मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे."

"म्हणजे काय होतं?"

"फोटो कितीही मोठा करा, पानावरचं दव दिसतं."

आता आमच्या घरातला फोटो काढल्यापासून पुढे कुठे जातो, याचा हिशेब माझ्याकडे आहे. तो 'आपलं कुटुंब' नावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातो. तिथे तो आपोआप चेपला जातो, कारण मुद्दाम वेगळं बटण दाबल्याशिवाय व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबूनच पाठवतं. मग सांगलीची मावशी तो मोतीबिंदू झालेल्या डोळ्याने बघते आणि 'छान' लिहिते. यात दवाला जागा कुठे आहे?

दुसऱ्या फोनचं वैशिष्ट्य असं, की फोटोतला नको असलेला माणूस त्यातून पुसता येतो. हिला हे आवडलं. माझ्या मोठ्या आत्याचा विषय निघण्याआधी मी तिसऱ्या फोनकडे वळलो. (आणि या कामाला ऐंशी हजार कशाला? आमच्या काकूने ते १९७८ च्या अल्बममध्ये कात्रीने केलेलं आहे.)

तिसरा फोन घडी होणारा होता. २०१९ पासून असे फोन मोठ्या कंपन्यांनी बाजारात आणले आहेत. उघडला की वहीएवढा, मिटला की पाकिटाएवढा. मात्र घडीच्या जागी बोट फिरवलं की बारीक चुणी लागते. ही म्हणाली, "एवढ्या किमतीत निदान इस्त्री करून तरी द्यायची."

चार्जर कुठे आहे म्हणून विचारलं, तर तो वेगळा घ्यावा लागेल. ही प्रथा अ‍ॅपलने २०२० साली पाडली. सॅमसंगने त्यावर जाहीर थट्टा केली आणि २०२१ साली आपल्याही महागड्या फोनच्या खोक्यातून चार्जर काढून घेतला. कुलूप विकावं आणि किल्ली निराळी विकावी, ही कल्पना तुळशीबागेतल्या दुकानदारांनाही सुचली नव्हती. आणि तुळशीबागेतल्या दुकानदारांना काय सुचत नाही!

तर परीक्षणाचा सारांश असा: मुखपृष्ठ देखणं, कागद गुळगुळीत, मूल्य वाढलेलं, आणि कथा मागच्या अंकातलीच. काही दिवाळी अंकांचं असंच असतं. दरवर्षी मुखपृष्ठावर नवी बाई, आत तेच वार्षिक भविष्य. पण दिवाळी अंक निदान लायब्ररीत मिळतो.

यावर कुणी म्हणेल, तुम्ही पुणेकर, तुमच्या हातून पैसा सुटत नाही. हा आरोप मला मान्य नाही, कारण नवा फोन मीही हौसेने घेत होतो. पहिला घेतला २००३ साली, नोकियाचा ११००. त्याच वर्षी येणाऱ्या कॉलचे पैसे पडायचे बंद झाले होते, तेव्हा कारकुनालाही फोन परवडू लागला. त्याला वर बॅटरी होती. पुढे भारनियमनाच्या दिवसांत आमच्या जिन्यात तेवढाच उजेड असे. दुसरा घेतला तो रेडिओ आणि कॅमेऱ्यासाठी. चिरंजीवांचा जन्माच्या दिवशीचा फोटो त्याच फोनवर काढलेला आहे. त्यात चिरंजीव आणि उशी यांतला फरक सांगावा लागतो, पण फोटो आहे. तिसरा काचेवर बोट फिरवायचा, त्यात नकाशा होता. त्या नकाशामुळे कोथरूडमध्ये पत्ता विचारायची आणि उत्तरं ऐकून घ्यायची वेळ माझ्यावर परत आली नाही. चौथा २०१६ च्या शेवटी. सप्टेंबरात जिओ सुरू झालं, नोव्हेंबरात पाचशे-हजारच्या नोटा गेल्या, आणि ज्याच्या खिशात चालू फोन नव्हता तो भाजीवाल्यासमोर चोरासारखा उभा राहू लागला. काउंटरच्या आत उभा राहून ते दिवस मी काढले आहेत, त्यामुळे त्यांविषयी जास्त बोलत नाही.

चारही वेळा नव्या फोनने असं काही दिलं, जे आधीच्यात नव्हतं. पाचवा २०१९ साली घेतला, तो चौथा खरकट्याच्या बादलीत पडला म्हणून.

बी. कॉम.ला आम्हाला घटत्या सीमान्त उपयोगितेचा सिद्धांत होता. पहिल्या आंब्याला जी गोडी, ती दुसऱ्याला नाही, पाचव्याला तर पोट दुखतं, असा तो मार्शलसाहेबांचा सिद्धांत. आमचे सर तो शिकवताना दरवर्षी हापूस घ्यायचे, म्हणजे उदाहरणात. पण त्या सिद्धांताला अपवादही होते आणि परीक्षेत ते हमखास येत: छंदिष्ट, कंजूष आणि दारुडा. दारुड्याला पुढचा पेला मागच्यापेक्षा गोड लागतो. मला वाटतं, फोन कंपन्यांची सगळी भिस्त या तिसऱ्या अपवादावर होती. फोनचं व्यसन लागलेलं आहे हे तर दिसतंच, तेव्हा गिऱ्हाईक जातो कुठे?

इथे त्यांची चूक झाली. व्यसन आहे, पण ते आतल्या मालाचं. माझा सबंध दिवस ज्या फोनमध्ये जातो तो फोन जुना आहे, आणि त्यातल्या रील्स मात्र आज सकाळच्या आहेत. नवं जे काही निघतं ते अ‍ॅपमधून जुन्या फोनमध्येच येऊन पडतं. दारू तीच मिळते आहे म्हटल्यावर पेला कोण बदलतो?

आणि पेला न बदलणारा मी एकटा नाही. जगात २०१६ साली १४७ कोटींच्या आसपास स्मार्टफोन विक्रीला गेले होते; २०२३ साली ते ११७ कोटींच्या घरात आले. आपल्या देशात २०२१ साली १६ कोटी, २०२२ साली साडेचौदा कोटींच्याही आत. पुढे थोडी भर पडली, पण २०२४ पर्यंत तरी जुना आकडा गाठता आला नाही. म्हणजे तीस कोटी गिऱ्हाइकं एका वर्षी दुकानापर्यंत आली नाहीत. तीही सदाशिव पेठेतलीच होती, असं म्हणायचं का?

दुकानातल्या मुलाने मात्र हार मानली नाही. म्हणाला, "सर, नो कॉस्ट ई.एम.आय. आहे."

बँकवाल्यासमोर हे म्हणणं म्हणजे हलवायासमोर पेढा फुकट आहे म्हणण्यासारखं. मी त्याला खुर्चीवर बसवून समजावलं, की बाळ, जगात फुकट व्याज नसतं. शून्य टक्के व्याज म्हणून खरं व्याज झाकायचं नाही, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांना बजावलं. तेव्हापासून हिशेब असा मांडतात: रोख घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती ती हप्तेवाल्याच्या व्याजात वळती होते. वर प्रोसेसिंग फी. क्रेडिट कार्डावर असेल तर व्याजाच्या रकमेवर अठरा टक्के जी.एस.टी. निराळा. फोनवर अठरा टक्के आहेच, २०२० पर्यंत तो बारा होता. मुलगा सगळं लक्ष देऊन ऐकत होता. शेवटी म्हणाला, "सर, मग चोवीस महिन्यांचं करू का?"

मग जुन्या फोनचं मूल्यमापन झालं. पाटीवर लिहिलं होतं, 'जुन्या फोनचे वीस हजारांपर्यंत मिळवा.' या जाहिरातीत 'वीस हजार' हे शब्द ठळक असतात आणि 'पर्यंत' पाहायला चष्मा काढून जवळ जावं लागतं. त्याने माझा फोन उजेडात धरला, उलटा केला, कडेवरून नख फिरवलं. हिला बघायला गेलो होतो तेव्हा माझ्या आईनेही एवढं पाहिलं नव्हतं. आकडा सांगितला बाराशे. चिरंजीवांनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

आम्ही बाहेर पडलो. पण पैसे वाचले म्हणून मला आनंद झाला, असं समजू नका. खरी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती आईची आहे.

आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. तिच्याकडे २०१८ चा फोन आहे. तो शिकायला तिला दीड वर्ष लागलं. ती वाचून नाही शिकली, जागेवरून शिकली. हिरवं चित्र खाली डाव्या कोपऱ्यात, त्यात सगळ्यात वर सांगलीची मावशी, तिच्या नावासमोर कॅमेऱ्याचं चित्र. स्वयंपाकघरातल्या डब्यांसारखं आहे ते. डब्यावर नाव नसतं, पण अंधारातही हात हळदीवर पडतो. दुपारी तीनला मावशीला व्हिडिओ कॉल लावायचा आणि दोघींनी एकमेकींची कपाळं बघत तासभर बोलायचं. कपाळंच, कारण फोन कसा धरायचा हे दोघींनाही कुणी शिकवलेलं नाही.

२०२३ च्या दिवाळीत मी तिला नवा फोन घेतला. जुन्याची काच तडकली होती, आणि खरं सांगायचं तर बोनसही झाला होता. चिरंजीवांनी जुन्यातलं सगळं नव्यात आणून दिलं, बटणंसुद्धा पूर्वीसारखी खाली लावली. आई म्हणाली, "छान आहे रे." पुढे आठ-दहा दिवस ती दुपारी तीनला झोपू लागली. मला वाटलं, थंडी आहे. मग एके दिवशी मावशीचा माझ्या फोनवर कॉल आला, "ताईला बरं नाही का? फोनच उचलत नाही."

जुन्या फोनवर कॉल घ्यायला बोट वर ओढायचं होतं, नव्यावर बाजूला. घंटा वाजायची, आई वर ओढत राहायची, घंटा थांबायची. हिरवं चित्र दुसऱ्या पानावर गेलं होतं. "मग सांगितलं का नाहीस?" मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. ती म्हणाली, "अरे, तू एवढे पैसे घातलेस."

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी जुना फोन घेऊन तपकीर गल्लीत गेलो. तिथे फूटभर रुंद टेबलामागे बसलेल्या एका कारागिराने वीस मिनिटांत काच बदलली, बॅटरी बदलली. मी विचारलं, अजून किती चालेल? म्हणाला, "चालेल हो, कंपनीच्या मनात नसलं तरी चालेल."

त्याचं म्हणणं मी बँकवाला या नात्याने पूर्ण मान्य करू शकत नाही. फोन चालला तरी त्याचे सुरक्षेचे अपडेट बंद झालेले असतात, आणि अशा फोनवर पैशाचे व्यवहार करू नका हे मीच काउंटरवर दिवसातून चारदा सांगतो. ही भीती खोटी नाही. म्हणून आईच्या फोनवर बँकेचं अ‍ॅप नाही. पेन्शन ती पासबुक घेऊन रांगेत उभी राहून काढते, तीही माझ्या नव्हे, दुसऱ्या बँकेत. पण मग अपडेट आधीच जास्त वर्षं का देत नव्हते? गूगलने २०२३ साली पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने २०२४ साली एस २४ ला सात-सात वर्षांचे अपडेट कबूल केले. करता येत होतं, तर आमच्या आईच्या फोनच्या वेळी कुठे अडलं होतं? फोन बदलला की यू.पी.आय. पुन्हा जोडा, बँकेचं अ‍ॅप पुन्हा नोंदवा, पहिला दिवस थोडक्याच रकमेवर काढा. माझ्या काउंटरवर नवा फोन घेतलेली मंडळी ओळखू येतात. चेहरा नुकतंच बिऱ्हाड हलवलेल्या माणसासारखा असतो. त्यांतले बरेचसे सत्तरीचे असतात आणि बहुतेकांना फोन मुलाने घेऊन दिलेला असतो. मुलगा बंगलोरला असतो.

नव्या फोनचं काय झालं म्हणाल, तर तो खोक्यात घालून आईच्या कपाटात चांदीच्या भांड्यांशेजारी आहे. मी वापरतो म्हटलं तर म्हणाली, "राहू दे, तो माझा आहे." यंदा दसऱ्याला पाटावर पूजेची अवजारं मांडली. माझं पेन, हिची कात्री, चिरंजीवांचा लॅपटॉप, आणि मधोमध तो फोन. आईने त्याला हळदकुंकू वाहिलं, आपट्याचं पान ठेवलं. मग कमरेचा जुना फोन काढला, सगळ्याचा फोटो काढला आणि सांगलीला पाठवला. फोटो हललेला आहे. मावशीने 'छान' लिहिलं.