आगगाडी-चालनाच्या संगणकीय अनुकृती : वास्तवतेचा प्रश्न

कोणत्याही अनुकृतीचे मूल्यमापन करताना ती मूळ वस्तूसारखी दिसते काय, हा प्रश्न प्रथम विचारला जातो आणि पुष्कळदा तोच अखेरचाही ठरतो. आगगाडी चालविण्याचा अनुभव संगणकाच्या पडद्यावर उभा करणाऱ्या सिम्युलेटरांच्या बाबतीत असेच घडत आले आहे. चालककक्षातील तबकड्या हुबेहूब आहेत काय, भोंग्याचा आवाज खरा आहे काय, रुळांकडेची झाडे त्या प्रदेशातील आहेत काय, ह्यांची चर्चा विपुल होते. परंतु एंजिन ही जितकी पाहण्याची वस्तू आहे, त्याहून अधिक ती चालविण्याची वस्तू आहे. तेव्हा दांडा हलविल्यावर काय घडते, ते किती वेळाने घडते आणि आधी केलेल्या कृतीचा आताच्या कृतीवर कोणता निर्बंध राहतो, ही वास्तवतेची खरी कसोटी होय. डीझेल व विजेच्या एंजिनांच्या अनुकृती ह्या कसोटीस कितपत उतरतात, ह्याचा विचार येथे कर्तव्य आहे.

ह्या विचारासाठी दोन कृती विशेष सोयीच्या आहेत. पहिली म्हणजे २००१ साली प्रसिद्ध झालेला मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर. त्यात अमेरिकेच्या मॉन्टाना राज्यातील मरायस खिंडीचा डीझेल-मार्ग होता, तसाच फिलाडेल्फिया ते वॉशिंग्टन हा विजेचा मार्गही होता. दुसरी कृती ओपन रेल्स ही होय. स्वयंसेवकांनी रचलेला हा विनामूल्य सिम्युलेटर पहिल्याच्याच मार्गांच्या व एंजिनांच्या फाइली वाचतो; त्याची १.० ही आवृत्ती २०१५ साली निघाली. एकाच संहितेचे दोन भाष्यकारांनी दोन अर्थ लावावेत, तसा हा प्रकार आहे. आणि म्हणूनच त्यांची तुलना उद्बोधक ठरते.

प्रथम डीझेल एंजिनाचा विचार करू जाता एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. मोठ्या मार्गांवरील बहुतेक डीझेल एंजिनांत डीझेल यंत्र स्वतः चाके फिरवीत नाही. ते जनित्र फिरविते आणि त्या जनित्राची वीज आसांवरील मोटरींना मिळते. अमेरिकेतील अल्को कंपनीच्या रचनेचे, १९६२ पासून भारतात आलेले आणि १९६४ पासून वाराणसीस बांधले जाऊ लागलेले डब्ल्यूडीएम-२ हे एंजिन ह्याचे परिचित उदाहरण होय. त्याची शक्ती २,६०० अश्वशक्ती होती आणि चालकाच्या हाती आठ नॉच असत. यंत्राचे फेरे विश्रांतीत मिनिटाला ४०० व पूर्ण शक्तीवर १,००० असत. चालक नॉच वाढवितो तेव्हा तो शक्ती घेत नाही, शक्तीची मागणी नोंदवितो. गव्हर्नर इंधन वाढवितो, फेरे चढतात, जनित्रावरील भार क्रमाक्रमाने येतो आणि मग गाडीस ओढ लागते. ह्या मधल्या काळात इंधन वाढलेले असते. पण टर्बोचार्जरने पुरविलेली हवा त्या प्रमाणात वाढलेली नसते. अल्को एंजिनांचा सुप्रसिद्ध काळा धूर ह्याच तफावतीतून निघत असे. ज्या अनुकृतीत धूर केवळ दांड्याच्या स्थितीशी जोडलेला असतो, तेथे तो शोभेचा धूर होय. त्याला कारण उरत नाही.

दुसरे असे की, शक्ती कायम राहिली तर ओढ वेगाच्या व्यस्त प्रमाणात घटते. चाकांपाशी १,००० किलोवॅट उपलब्ध असतील, तर ताशी ३६ किलोमीटर वेगाला १०० किलोन्यूटन ओढ मिळेल आणि ताशी ७२ किलोमीटरला केवळ ५०. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरात एंजिनाचे वर्णन मुख्यतः कमाल शक्ती, कमाल ओढ, कमाल वेग अशा मर्यादादर्शक आकड्यांनी होते. त्यावरून एंजिन कोठवर पोहोचेल हे कळते. तेथवर ते कसे जाईल हे पुरते कळत नाही. ओपन रेल्सने कोणत्या नॉचला किती फेरे, किती फेऱ्यांना किती शक्ती आणि फेरे किती वेगाने चढावेत ह्यांच्या नोंदींची सोय केली. बाह्यतः ही भर किरकोळ वाटेल. परंतु तिच्यामुळे चालकाला पुढचा चढ आधीच हेरून शक्ती मागावी लागते, आणि चालनाच्या कलेचा प्रारंभ येथेच होतो.

विजेच्या एंजिनांच्या बाबतीत अडचण निराळी आहे. ही एंजिने सोपी, असा समज रूढ असल्यामुळे शून्यापासून शंभर टक्क्यांपर्यंत सरकणारा एकच दांडा सर्वांना बहाल करण्याचा प्रघात पडला आहे. आधुनिक त्रिकल एंजिनांना तो बराचसा शोभतो. पण डब्ल्यूएपी-४ किंवा डब्ल्यूएजी-७ ह्यांसारख्या एंजिनांत रोहित्रावरील ३२ टॅपांतून एकेक करून वर जावे लागते. तेथे मुख्य दांड्याचे स्थान म्हणजे शक्तीचे मोजमाप नव्हे. एक टॅप चढ, आहेस तेथे थांब, एक टॅप उतर, अशी ती आज्ञा असते. चालकाची दृष्टी दांड्यावर नसून ॲमीटरवर असते. टॅप घाईने घेतले तर प्रवाह उसळतो, चाके घसरतात किंवा अतिभाराचा रिले मुख्य सर्किट-ब्रेकर उघडतो. फार सावकाश घेतले तर गाडी वेळ गमावते. ह्या एंजिनाला टक्क्यांचा दांडा देणे म्हणजे चित्र त्याचे ठेवून स्वभाव दुसऱ्याचा देणे होय.

तारेतील न्यूट्रल सेक्शनचेही तसेच आहे. २५,००० व्होल्टच्या मार्गावर निरनिराळ्या फेजवरून पुरवठा होणारे दोन विभाग जेथे भेटतात, तेथे मध्ये वीजरहित तुकडा असतो. त्यापूर्वी चालकाने सर्किट-ब्रेकर उघडावयाचा, गाडी स्वतःच्या गतीने पुढे जाऊ द्यावयाची आणि पलीकडे तो पुन्हा मिटावयाचा. चढावर जड मालगाडी असेल तर ह्या थोड्या अंतरातही वेग घटतो, आणि तो हिशेब चालकाला आगाऊ करावा लागतो. जेथे रुळांकडेचे फलक नीट रंगविलेले असतात पण त्यांची आज्ञा मोडल्याने काहीच बिघडत नाही, तेथे फलक हे चिन्ह उरते, अर्थ उरत नाही.

तथापि सर्वांत कठीण परीक्षा ब्रेकची होय. हवेच्या ब्रेकमध्ये नळीतील दाब कमी केला की ब्रेक लागतात. भारतीय प्रथेत हा दाब चौरस सेंटिमीटरला ५ किलोग्रॅम असतो. तो कमी झाल्याची वार्ता लांब गाडीच्या शेवटच्या डब्यापर्यंत जावयास वेळ लागतो, आणि नळी पुन्हा भरावयास त्याहून अधिक. नळी व डब्यांखालील टाक्या भरण्यापूर्वी पुनःपुन्हा ब्रेक लावीत राहिल्यास साठा खालावतो आणि उतरणीवर गाडी चालकाच्या हाताबाहेर जाते. अमेरिकन मालगाड्यांत आणखी एक निर्बंध असतो : लावलेला ब्रेक थोडासा सैल करता येत नाही, सोडावयाचा तर पूर्णच सोडावा लागतो. मरायस खिंडीच्या पश्चिम बाजूस १.८ टक्के उतार आहे. तेथे ह्या निर्बंधाचे ज्ञान हाच चालकाचा खरा आधार. ओपन रेल्सने ह्या बाबींची दखल घेतली खरी. परंतु ब्रेक क्रमाक्रमाने सुटावा की नाही, नळी किती वेगाने भरावी, हे त्याच्या काही आवृत्त्यांत वापरणाऱ्याच्या पसंतीवर सोडलेले आढळते. वास्तव हे ऐच्छिक केले की ते वास्तव राहत नाही. हे गुण गाडीचे आहेत, वापरणाऱ्याचे नव्हेत.

येथे एका सूक्ष्म भेदाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. चाक व रूळ ह्यांच्यातील पकडीसाठी ओपन रेल्स कर्टियस व क्निफलर ह्यांच्या १९४४ च्या सूत्राचे गुणांक स्वीकारतो. त्यानुसार कोरड्या रुळावर पकडीचा गुणांक स्थिर असताना सुमारे ०.३३ व ताशी ६० किलोमीटर वेगाला सुमारे ०.२३ येतो. गाडीच्या रोधासाठी डेव्हिसच्या १९२६ च्या सूत्राचा आधार आहे. ही मांडणी म्हणजे व्याकरण होय. पण प्रत्येक एंजिनाचे वजन, आसांची संख्या, ओढीचा आलेख हे आकडे ज्याने ते एंजिन बनविले तो भरतो. ती शब्दसंपत्ती होय. निर्दोष व्याकरणाने रचलेले वाक्यही शब्द खोटे असल्यास खोटेच बोलते. किंबहुना व्याकरणाच्या शुद्धतेमुळे ते अधिक विश्वसनीय वाटते. म्हणून कोणता सिम्युलेटर वास्तव, हा प्रश्नच अपुरा आहे; कोणत्या सिम्युलेटरातील कोणते एंजिन, असे विचारावयास हवे.

ह्यावर असा आक्षेप घेतला जाईल की, हे अखेर मनोरंजन आहे आणि खेळणाऱ्यावर गव्हर्नर व टॅप ह्यांचा भार का टाकावा? हा आक्षेप सर्वस्वी निराधार नाही. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरात सोप्या नियंत्रणांचा पर्याय होता, आणि नवख्याला तो उपकारकच ठरला. सोपेपणा हा दोष नव्हे. सोप्याला खरे म्हणणे हा दोष होय. नवख्यासाठी पायऱ्या कमी करता येतील. परंतु ज्या पायऱ्या ठेवावयाच्या त्या मूळ जिन्याच्याच असल्या पाहिजेत.

हा आग्रह केवळ हौशी लोकांचा हट्ट नाही, हे मुंबई–पुणे मार्गाच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. १९२५ साली मुंबईत १,५०० व्होल्ट डायरेक्ट करंटवर विजेची गाडी धावली आणि पुढे ती पद्धती बोरघाट चढून पुण्यास गेली. घाटातील चढ ३७ स १ असा आहे. १,००० टनांच्या गाडीला केवळ चढामुळे सुमारे २६५ किलोन्यूटन बल मागे खेचते, आणि म्हणून बँकर एंजिने मागून जोडावी लागतात. त्या काळच्या डब्ल्यूसीजी-१ एंजिनांत उतरताना मोटरींनी वीज निर्माण करून तारेत परत देणारा ब्रेक होता. डायरेक्ट करंटच्या जुन्या एंजिनांत वेग घेताना रोधक मध्ये असत. त्या नॉचवर फार वेळ रेंगाळले तर रोधक तापत. ते वेळेवर ओलांडून रोधकमुक्त नॉच गाठणे हे चालकाचे कसब असे. मुंबईतील ही डायरेक्ट करंट पद्धती २०१६ साली संपली. डब्ल्यूसीजी-१ वर्गातील एक एंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल संग्रहालयात उभे आहे. पण उभ्या एंजिनावरून त्याचे चालन कळत नाही. लोखंड जतन करता येते. हाताची सवय, थांबण्याचा अंदाज, तापणाऱ्या रोधकांचा धाक ही चालकांबरोबर जातात. त्या कसबाचे काही अंशी जतन करू शकेल असे साधन आज सिम्युलेटरांच्या रूपाने उपलब्ध आहे. त्यातील घाट सुंदर पण दांडा खोटा असेल, तर पुढील पिढी त्या खोट्यालाच परंपरा समजेल, आणि तिची चूक दाखविण्यास मूळ एंजिन चालविलेला माणूस त्या वेळी उरलेला नसेल.