‘डोलोमीटेन’ : भाषा तीच, आवाज कोणाचा?

अल्पभाषिक समाजाचे दैनिक टिकले, की त्याची भाषा टिकली, असे आपण सहज म्हणून जातो. इटलीतील बोल्झानो येथून निघणाऱ्या ‘डोलोमीटेन’ या जर्मन दैनिकाचा इतिहास पाहता ही समजूत अपुरी ठरते.

पहिल्या महायुद्धानंतर दक्षिण टिरोल हा जर्मनभाषक प्रदेश ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला. १९२३ मध्ये फॅसिस्ट राजवटीने ‘टिरोल’ या नावावरच बंदी घातली. ‘डेर टिरोलर’ या पत्राला ‘डेर लांड्समान’ हे नाव घ्यावे लागले. शाळांतूनही जर्मन हद्दपार होऊ लागली. जर्मन पत्रे बंद पडत गेली, आणि १९२६ च्या अखेरीस चर्चच्या मध्यस्थीमुळे, सेन्सॉरच्या नजरेखाली, ‘डोलोमीटेन’ निघू लागले. त्यामागे मिखाएल गाम्पर हे कॅथलिक धर्मगुरू होते. मुलांना घरोघरी गुप्तपणे जर्मन शिकवण्याच्या चळवळीचेही ते प्रणेते होते.

लक्षणीय गोष्ट अशी, की जर्मनची गळचेपी करणाऱ्या याच राजवटीने १९२६ मध्येच ‘आल्पेनत्सायटुंग’ नावाचे आपले दैनिक काढले, आणि तेही जर्मनमध्ये! सत्तेला भाषेचे वावडे नव्हते. त्या भाषेतून उमटणाऱ्या स्वतंत्र आवाजाचे होते.

पुढचा अनुभव अधिकच बोलका आहे. १९३९ मध्ये हिटलर आणि मुसोलिनी यांनी येथील लोकांपुढे पर्याय ठेवला : जर्मनीत जा, नाही तर इटलीचे होऊन राहा. बहुसंख्यांनी जाण्याच्या बाजूने कौल दिला. गाम्पर यांनी मात्र मायभूमी सोडू नका, असे सांगितले. सप्टेंबर १९४३ मध्ये जर्मन सैन्य आले. राज्यकर्त्यांची भाषा आता जर्मनच होती, तरीही ‘डोलोमीटेन’ बंद करण्यात आले. गाम्पर यांना परागंदा व्हावे लागले. रुडॉल्फ पोश आणि फ्रीडल फोल्गर या पत्रकारांच्या नशिबी डाखाऊची छळछावणी आली. ‘बोझनर टागब्लाट’ हे नाझींचे पत्र निघू लागले, तेही अर्थात जर्मनमध्ये. मे १९४५ मध्ये ‘डोलोमीटेन’ पुन्हा सुरू झाले.

येथवरच्या इतिहासाबद्दल आदरच वाटतो. पुढचा काळ मात्र चिकित्सेने वाचावा लागतो. १९५३ मध्ये गाम्पर यांनी याच दैनिकातून आपल्या समाजाच्या ‘मृत्युयात्रे’चा इशारा दिला. इटालियन वसाहतीचा वाढता ओघ पाहता ती भीती निराधार नव्हती. पण १९५६ मध्ये संपादक झालेले टोनी एबनर काही काळ जर्मनभाषकांच्या प्रमुख पक्षाचेही अध्यक्ष होते. पत्र आणि पक्ष इतके जवळ आले, की पक्षाशी मतभेद म्हणजे समाजाशी द्रोह, असे वातावरण सहज तयार होते. १९७२ च्या स्वायत्तता कायद्याने भाषेला भक्कम संरक्षण मिळाले, तरी दुसऱ्या जर्मन दैनिकासाठी १९९६ उजाडावे लागले. २०१६ मध्ये तर ‘डोलोमीटेन’च्या प्रकाशनसंस्थेने त्याच शहरातील ‘आल्तो आदिजे’ हे इटालियन दैनिकही ताब्यात घेतले. ज्याला एकेकाळी एका स्तंभाचीही मुभा नव्हती, त्याच्या घरात आता दोन्ही भाषांची दैनिके आहेत.

संकटकाळी वृत्तपत्र समाजाची तटबंदी होते, आणि तसे व्हावेही. परंतु संकट ओसरल्यावर तटबंदीला दरवाजे ठेवावे लागतात. अल्पभाषिकांच्या कोणत्याही नियतकालिकाचे मोल ठरवताना ते किती वर्षे चालले, एवढेच विचारून भागत नाही. आपल्याच माणसाला आपल्याच भाषेत विरोधी मत तेथे मांडता येते का, हा प्रश्नही विचारावा लागतो. जुलमाच्या काळात ‘डोलोमीटेन’ने याचे उत्तर धैर्याने दिले, स्वास्थ्याच्या काळात ते देणे त्याला अधिक अवघड गेले.