ध्वनिमुद्रित व्याख्यान : श्रोता, वाचक आणि समीक्षा

नाशिक येथे १९८९ साली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली आणि ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेऊन महाराष्ट्रातील उच्च शिक्षणाने वर्गाच्या भिंती ओलांडल्या. प्रथम कुलगुरू राम ताकवले यांच्या दृष्टीसमोर विद्यार्थी होता तो नोकरी, शेती वा संसार सांभाळून शिकणारा. स्वयंअध्ययनाचे पुस्तक हे त्याचे प्रमुख साधन; अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्रे आणि दृक्‌श्राव्य व्याख्याने ही त्याची जोड. यांपैकी व्याख्यानाचाच विचार येथे कर्तव्य आहे. कारण पुस्तकांची परीक्षणे होतात. ध्वनिमुद्रित व्याख्यानाचे परीक्षण मात्र क्वचितच होते.

व्याख्यान हा मुळात श्रोत्यावर अवलंबून असणारा वाक्प्रकार होय. नाशिककरांस हे निराळे सांगावयास नको. गोदाघाटावरील वसंत व्याख्यानमालेत वक्ता बोलतो ते समोरच्या चेहऱ्यांकडे पाहून. कोठे थांबावे, कोणता दृष्टांत वाढवावा, कोणता आवरता घ्यावा, हे त्याला श्रोतेच शिकवितात. कीर्तनकाराची गोष्टही तीच. ध्वनिमुद्रणात वाणी राहते, परंतु तिला वळण देणारा श्रोता गळून पडतो. वर्गातील तासाचे जसेच्या तसे मुद्रण नीरस वाटते, त्याचे कारण हेच. ते दुसऱ्यांशी चाललेले संभाषण असते आणि विद्यार्थी ते दाराआडून ऐकत असतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाने १५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवर ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा उपक्रम सुरू केला. त्याची व्याप्ती मोठी होती. पण प्रसारण ठरल्या वेळीच, आणि आरंभी बहुतांशी इंग्रजीतून. जे निसटले ते निसटले. ध्वनिफीत आणि चित्रफीत यांनी ही अडचण दूर केली व पुढे संगणकाने ती नाहीशीच केली. आता विद्यार्थी व्याख्यान थांबवू शकतो, मागे नेऊ शकतो, अवघड वाक्य पाच वेळा ऐकू शकतो. तात्पर्य, तो श्रोता राहिला नसून वाचक झाला आहे. हा बदल अद्याप पुष्कळशा व्याख्यात्यांच्या ध्यानी आलेला दिसत नाही.

फिलिप गुओ, जूहो किम आणि रॉब रुबिन यांनी २०१४ साली ‘एडएक्स’च्या अभ्यासक्रमांतील सुमारे ६९ लक्ष दर्शनसत्रांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. चित्रफीत कितीही लांब असली तरी अवधान टिकण्याचा मध्यक काल सहा मिनिटांच्या पलीकडे जात नाही. आणि वर्गव्याख्यानाचे तुकडे पाडण्यापेक्षा प्रारंभापासून या माध्यमासाठीच योजिलेले पाठ अधिक परिणामकारक ठरतात, असे त्यांना आढळले. मात्र यावरून ‘सर्व काही लहान करा’ असा निष्कर्ष काढणे उथळपणाचे होईल. अवधान म्हणजे आकलन नव्हे. मुद्दा लांबीचा नसून रचनेचा आहे.

वाणीवाचून ज्याचे चालत नाही, ते व्याख्यानाचे खरे क्षेत्र होय. ग्रांथिक ओवीचे साडेतीन चरण आणि पहिल्या तीन चरणांतील यमक पुस्तक सांगू शकते; परंतु चौथ्या, आखूड चरणावर लय कशी विसावते, हे कानांनीच कळते. बागलाण, कळवण, मालेगाव या भागांतील अहिराणीचे उच्चार लिपीत पुरते उतरत नाहीत. तेथे ध्वनिमुद्रण हे शिक्षणाचे साधन तर आहेच, शिवाय संशोधनाचे प्रमाणही आहे. याउलट, पुस्तकातील परिच्छेद पडद्यावर वाचून दाखविणारे व्याख्यान पुस्तकाहून उणेच ठरते. कारण वाचनाची गती ते विद्यार्थ्याच्या हातून काढून घेते.

यापेक्षा गंभीर प्रश्न अधिकाराचा आहे. वर्गात शंका विचारता येते आणि अध्यापकाची चूक त्याच तासात सुधारते. ध्वनिमुद्रणातील चूक वर्षानुवर्षे तशीच, त्याच आत्मविश्वासाने, पुनःपुन्हा उच्चारली जाते. पुस्तकाच्या पहिल्या पानावर आवृत्ती व वर्ष असते. व्याख्यानावर पुष्कळदा तेही नसते. गावी एकट्याने अभ्यास करणाऱ्या विद्यार्थिनीला हा आवाज म्हणजेच विद्यापीठ. तिच्याजवळ त्याची पडताळणी करण्यास दुसरा आवाज नसतो.

म्हणून ध्वनिमुद्रित व्याख्यानाला ग्रंथाचाच न्याय लावला पाहिजे. त्यावर तारीख असावी, सोबत लिखित संहिता असावी, ठरावीक काळाने त्याचे संशोधन व्हावे, संपर्कसत्रात त्यावर प्रश्नांना वाव असावा; आणि मुख्य म्हणजे विभागांच्या पत्रिकांतून त्याची परीक्षणे यावीत. जे ज्ञान समीक्षेबाहेर राहते ते घरोघरी पोचले तरी रुजत नाही. ज्ञानगंगा दारी आणणे हे निम्मे कार्य झाले. तिचे पाणी पारखून घेणे हे उरलेले निम्मे कार्य विद्यापीठाचेच होय.